एल्फिन्स्टन हायस्कूल आणि आपली लेकरे

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



समितीने आम्हाला शिक्षणावर दोन शब्द बोलायला सांगितले. आम्ही काही प्राध्यापक नाही. गिरणीच्या पाळ्या करता करता जे हाताला लागले ते वाचले, तेवढेच आमचे भांडवल. आणि शिक्षण हा विषय असा आहे की त्यावर बोलायला लागले की माणूस हवेत जातो. वाघिणीचे दूध, वाघिणीचे दूध म्हणून टाळ्या पडतात आणि घरी गेल्यावर पोरगं नववीतून शाळा सोडून गॅरेजवर जातं. म्हणून आम्ही आज एकाच शाळेवर बोलणार आहोत. ती शाळा आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली नाही, मुंबईची आहे. तिचे नाव एल्फिन्स्टन हायस्कूल. त्या शाळेवरून फिरून आपल्याला याच विहारात यायचे आहे, कारण समितीपुढे आज एक प्रश्न आहे आणि त्यावर आम्हाला मत मांडायचे आहे.

आधी ही शाळा काय होती ते पाहू. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा १८१९ ते १८२७ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. तो विलायतेला परत निघाला तेव्हा मुंबईच्या शेठसावकारांनी त्याच्या नावाने निधी जमवला, आणि त्यातून एल्फिन्स्टन संस्था उभी राहिली. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे ही मंडळी तिथे शिकली. पुढे १८५६ च्या सुमारास कॉलेज वेगळे झाले आणि हायस्कूल वेगळे झाले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. मॅट्रिक ही त्या काळी विद्यापीठाचीच प्रवेश परीक्षा. म्हणजे मॅट्रिक झाला तर कॉलेजचे दार उघडले, नाही झाला तर जिथे होता तिथेच राहिला. एल्फिन्स्टन हायस्कूलचे काम हेच, की पोराला इंग्रजी, गणित शिकवून त्या दारापर्यंत नेऊन सोडायचे. शाळा सरकारी होती. खर्च सरकारचा होता.

आता सरकारचा पैसा म्हणजे कोणाचा पैसा? हे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे स्पष्ट सांगितले. शेतकरी राबतो, सारा भरतो, आणि त्या पैशावर वरच्या जातींची पोरं उच्च शिक्षण घेतात. ज्याच्या घामातून शाळा उभी राहते त्याच्या लेकराला साधी अक्षरओळखही नाही. जोतीरावांनी तिथे मागणी केली, की प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. आमच्या वऱ्हाडचा कापूस खामगावच्या बाजारातून रेल्वेने मुंबईला जात होता. त्या कापसाच्या वेचणीला कोण होते, गाठोडी कोणाच्या डोक्यावर होती, हे सांगायची गरज नाही. त्याच मुंबईतली शाळा मात्र आपल्यासाठी नव्हती.

कायद्याने बंदी होती काय? इथे एक दाखला द्यावा लागतो. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. सरकारने दिला नाही. एका मुलासाठी सगळी शाळा ओस पडेल असा हिशेब केला गेला. पुढे सरकारी शाळा सर्वांना खुल्या आहेत असे धोरण जाहीर झाले, पण कागदावर. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनला जे शिक्षणविषयक निवेदन दिले त्यात हे धारवाडचे प्रकरण मुद्दाम मांडले आहे. काय शिकायचे त्यातून? दार उघडे आहे असे सरकारने म्हणणे वेगळे, आणि आपले लेकरू त्या दारातून आत जाऊन, टिकून, पास होऊन बाहेर पडणे वेगळे.

आता बाबासाहेबांकडे येऊ. आम्हा गिरणीवाल्यांना एक गोष्ट फार जवळची वाटते. लहान भीमा साताऱ्याला असताना गिरणी कामगार व्हायला निघाला होता! ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. हाच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पण आई वारलेली, घरात हाल, आत्याच्या आधारावर संसार. साताऱ्याची पोरं मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागतात हे त्याने ऐकले. आपणही जावे, आपल्या पायावर उभे राहावे असे ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशाची पिशवी काढायचा त्याने काही रात्री प्रयत्न केला. शेवटी हाती लागली तर तिच्यात निघाला अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई कुठली? मग त्या मुलाने ठरवले की आता मन लावून अभ्यासच करायचा. हे बाबासाहेबांनी स्वतः सांगितले आहे. बंधूंनो, त्या पिशवीत भाड्यापुरते पैसे असते तर? गिरणीला एक कामगार मिळाला असता. देशाला घटनाकार मिळाला असता की नाही, कोणी सांगावे?

पुढे सुभेदार रामजी कुटुंब घेऊन मुंबईला आले. परळला, गिरणी कामगारांच्या वस्तीत, डबक चाळीत एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच सरपण, भांडीकुंडी, धूर, त्यातच माणसांची झोप. जात्याशेजारी निजायचे आणि पायाशी बकरी. अशा खोलीत मॅट्रिकचा अभ्यास कसा व्हायचा? रामजीबाबांनी युक्ती केली. पोराला संध्याकाळी लवकर निजवायचे. आपण रात्री दोनपर्यंत जागे राहायचे. दोनला पोराला उठवायचे, आणि त्याच्या जागेवर आपण निजायचे. मग भीमराव घासलेटच्या दिव्यावर पहाटेपर्यंत वाचत बसायचा. आमच्या गिरणीच्या भाषेत सांगायचे तर बापलेकांनी एका खोलीच्या दोन पाळ्या केल्या होत्या. पुस्तकासाठी पैसे नसले की रामजीबाबा लेकीच्या दारात जात, तिचा दागिना गहाण पडे आणि पुस्तक घरात येई. दागिना पेन्शन आल्यावर सुटे. त्या बहिणींचे नाव आपण भाषणात घेत नाही, पण मॅट्रिकमध्ये त्यांचाही वाटा आहे. मायमाऊल्यांनो, हे तुमच्यासाठी सांगतो.

आणि शाळेत काय होते? मुंबई सुधारलेली, शाळा सरकारी, तरी जात शाळेच्या पायरीवर चपलेसारखी काढून ठेवलेली नव्हती. वर्गातली मुले आपले जेवणाचे डबे फळ्याच्या मागे ठेवत. एकदा मास्तरांनी भीमरावाला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तर वर्गात एकच कल्लोळ. डबे बाटतील म्हणून मुले धावली, डबे खाली ओढले, मगच त्याला फळ्याला हात लावता आला. संस्कृत शिकायची इच्छा होती, ते नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. शिकून काय करणार म्हणून हिणवणारा शिक्षकही भेटला. तरी १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. आपल्या समाजात ही तेव्हा न घडणारी गोष्ट होती.

आता नीट ध्यान द्या, कारण पुढचा मुद्दा इथे आहे. ही शाळा चांगली होती म्हणून बाबासाहेब घडले असे म्हणावे तर शाळेने अपमानही केला. शाळेचा काही उपयोग झाला नाही म्हणावे तर तेही खोटे आहे. तीच शाळा, तेच इंग्रजी, तीच मॅट्रिक नसती तर एल्फिन्स्टन कॉलेज नव्हते, १९१२ ची बी. ए. नव्हती, १९१३ ला न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ नव्हते. शाळा लागतेच. पण नुसती शाळा पुरत नाही. शाळेच्या बाहेर तीन गोष्टी होत्या.

पहिली, घर. ते आपण पाहिले.

दुसरी, एक बाहेरचा माणूस. शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुस्कर येत. शिक्षक आणि लेखक माणूस. रोज कोण हा मुलगा इतका वाचतो, म्हणून त्यांनी चौकशी केली. जात विचारली असेल, पण जात ऐकून उठून गेले नाहीत. काय वाचावे ते सांगू लागले, पुस्तके देऊ लागले. विद्यार्थिदशेत त्याचा सत्कार झाला तेव्हा त्यांनी आपण लिहिलेले भगवान बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. बंधूभगिनींनो, ज्या मुलाच्या हाती ते पुस्तक पडले त्यानेच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांना बुद्धाच्या मार्गावर आणले. आज आपण ज्या विहारात बसलो आहोत त्याची एक वीट त्या भेट दिलेल्या पुस्तकाची आहे.

तिसरी, पैसा. केळुस्कर तिथेच थांबले नाहीत. त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि कॉलेजसाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

घर, वाट दाखवणारा माणूस आणि वेळेवर पैसा. या तिन्हींपैकी एक जरी नसते तरी धागा तुटला असता. रिंग खात्यात ज्यांनी काम केले त्यांना ठाऊक आहे. धागा तुटतो, तुटणारच. चांगल्या कापसाचाही तुटतो. पण साईडवर माणूस उभा असतो, तो लगेच सांधतो. माणूस जागेवर नसेल तर नुसते मशीन फिरत राहते आणि कापूस वाया जातो.

आता थोडे परदेशात जाऊ. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. आपल्या जोतीरावांनी १८७३ चा 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्या कामात झटलेल्या अमेरिकन लोकांनाच अर्पण केला आहे. तिथे वॉशिंग्टन शहरात १८७० साली काळ्या मुलांसाठी एक सरकारी हायस्कूल निघाले. नावच होते प्रिपरेटरी हायस्कूल, म्हणजे पुढच्या शिक्षणाची तयारी करून देणारी शाळा. १९१६ पासून तिला डनबार हायस्कूल म्हणू लागले. मोठमोठ्या पदव्या घेतलेले काळे विद्वान तिथे शिकवत, कारण गोऱ्यांची विद्यापीठे त्यांना नोकरी देत नसत. रक्तपेढीच्या कामात नाव काढलेले डॉक्टर चार्ल्स ड्र्यू याच शाळेचे. चार्ल्स ह्यूस्टन हे वकीलही तिथलेच, आणि शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४ चा जो निकाल लागला त्याचा पाया त्यांनी रचला होता. आणि ही शाळा सुरू कुठे झाली ठाऊक आहे काय? एका चर्चच्या तळघरात. इमारत नव्हती, पण प्रार्थनेच्या जागेने अभ्यासाला जागा दिली.

बाबासाहेबांनीही हेच केले. ४ जानेवारी १९२५ ला सोलापूरला बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढले, कारण हायस्कूल शहरात आणि आपले पोरगं खेड्यात. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादचे कॉलेज, ज्याला आपण मिलिंद म्हणतो. आपल्या देऊळगाव राजा, चिखली, मेहकर भागातून किती पोरं पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात गेली, त्यांची घरे इथे समोर बसलेली आहेत. त्यांना विचारा, वसतिगृह नसते तर काय झाले असते.

आता आपल्या वस्तीचे बोलू. आपल्याकडे आज फळ्यामागे डबे नाहीत. शाळा जवळ आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, पण तो सहा ते चौदा वर्षांपर्यंतचा आहे. आठवी झाली की कायद्याचा हात सुटतो. आणि आपला धागा नेमका तिथेच तुटतो. सोयाबीनची सोंगणी आली की पोरगं शाळेत नाही, कापसाची वेचणी आली की पोरगी शाळेत नाही. दहावीला गणितात राहिला की संपले. पोरगी दहावी पास झाली तर घरात म्हणतात, "आता कायले शिकवता, बारावीचं कॉलेज लांब आहे, एस.टी.नं कोन नेईन-आणीन?" आणि हे सगळे गरिबीमुळेच होते असेही नाही. लग्नात डीजे लावायला पैसे निघतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

सरकारी मदत नाही काय? आहे, पण ती दारात येऊन आवाज देत नाही. काही गोष्टी आज लिहून घ्या. आपल्या जिल्ह्याचे नवोदय विद्यालय शेगावला आहे. लेकरू पाचवीत असताना अर्ज करायचा, परीक्षा द्यायची, सहावीत प्रवेश मिळाला की बारावीपर्यंत राहणे, जेवण, पुस्तके यांची काळजी नाही. एका वर्गात ८० जागा, त्यातल्या पाऊणहून कमी नाही इतक्या खेड्यातल्या मुलांसाठी, आणि अनुसूचित जातींना राखीव जागा वेगळ्या. दुसरे, आठवीतली एन.एम.एम.एस. परीक्षा. ती पास झाल्यावर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, चार वर्षांचे ४८ हजार. पण ती सरकारी, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच देता येते. नाव इंग्रजी आहे म्हणून महागड्या शाळेत पोराला घालताना हाही हिशेब मांडा. तिसरे, दहावीनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती, समाजकल्याणची वसतिगृहे, आणि वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना.

या सगळ्याला कागद लागतात. १९५६ ला आपण बौद्ध झालो तेव्हा केंद्राच्या सवलती गेल्या. १९९० साली कायदा दुरुस्त झाला तेव्हा त्या बौद्धांना परत मिळाल्या. ती लढाई मागच्या पिढीने लढली. आपण निदान दाखला तरी वेळेवर काढावा. जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांची कोतवाल बुकाची नक्कल, शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरचा उतारा हे बारावीच्या निकालानंतर शोधायला निघालात तर प्रवेशाची तारीख निघून जाते. अशी लेकरे आपल्याच वस्तीत आहेत, नावे घेत नाही.

आता समितीपुढचा प्रश्न. विहाराच्या वर्गणीत यंदा बऱ्यापैकी रक्कम जमली आहे. एक सूचना अशी आहे की विहाराच्या समोर मोठी कमान उभारावी. दुसरी सूचना अशी की मागची खोली दुरुस्त करून तिथे अभ्यासिका करावी. कमानीच्या बाजूने बोलणारे आमचे जुने सोबती आहेत, समाजाच्या कामात लाठ्या खाल्लेले आहेत. त्यांचे म्हणणे असे की रस्त्यावरून जाणाऱ्याला कळले पाहिजे की इथे बुद्धाचे विहार आहे, आपण अभिमानाने इथे राहतो. हे म्हणणे चुकीचे नाही. ज्यांना गावाबाहेर ठेवले त्यांना आपली खूण उभी करावीशी वाटणारच. कमान व्हावी, आम्हीही वर्गणी देऊ. पण आधी कोणते?

आपल्या वस्तीतली घरे बघा. दोन खोल्या, सहा-सात माणसे, त्यातच टी.व्ही. चालू. डबक चाळ आजही आहे, फक्त घासलेटच्या दिव्याच्या जागी बल्ब आला. रामजीबाबांसारखे रात्री दोनपर्यंत जागे राहा, असे प्रत्येक बापाला कसे सांगणार? दिवसभर मजुरी करून आलेला माणूस तो. पण दहावी-बारावीच्या पोरांना संध्याकाळी सहा ते रात्री दहा शांत जागा देणे हे आपल्या सगळ्यांना मिळून जमते. म्हणून आमची मागणी तीन गोष्टींची आहे. एक, मागची खोली. चार ट्यूबलाइट, सतरंज्या, दोन कपाटे, आणि मुलींसाठी वेगळी बसायची सोय. दोन, माणूस. वस्तीत शिक्षक आहेत, बँकेत, एस.टी.त लागलेली पोरं आहेत, कॉलेजच्या मुली आहेत. प्रत्येकाने आठवड्यातली एक संध्याकाळ द्यावी, गणित आणि इंग्रजीसाठी. परीक्षेचे अर्ज कधी निघतात, शेवटची तारीख कोणती, हे त्या खोलीच्या फळ्यावर लिहून ठेवावे. तीन, पैसा. दर पौर्णिमेच्या दानातला ठरलेला हिस्सा परीक्षा फी, पुस्तके आणि दाखल्यांच्या खर्चासाठी बाजूला काढावा, आणि त्याचा हिशेब दर महिन्याला विहारात लावावा.

घर, माणूस आणि पैसा, हेच ते तीन. भीमरावाला ते नशिबाने आणि बापाच्या कष्टाने मिळाले. आपल्या लेकरांना ते नशिबावर सोडायचे की विहाराने द्यायचे, एवढाच प्रश्न आहे. तथागतांच्या संघात विहार हे ध्यानासाठी होते आणि शिकण्यासाठीही होते. नालंदा हे विहारच होते. मग आपल्या विहारात पुस्तक उघडले तर ती धम्माच्या बाहेरची गोष्ट कशी होईल?

एक शेवटचे. बाबासाहेबांच्या काळात मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नसत. धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, आणि विटाळ होतो म्हणून चांगल्या पगाराचे ते खाते आपल्याला बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. खाते बंद असणे म्हणजे काय ते कामगाराला कळते. आज दहावीत सुटलेल्या पोराला कोणी "तुला बंद आहे" म्हणत नाही. खाती आपोआप बंद होत जातात, एकामागून एक, आणि त्याला कळतसुद्धा नाही.

तेव्हा ठराव मतास येईल त्या वेळी डोळ्यासमोर आपले लेकरू आणा आणि हात वर करा. ज्यांची लेकरे शिकून गेली त्यांनी शेजारच्या लेकराकडे बघून हात वर करावा. येत्या ७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिनी, त्या खोलीचे कुलूप उघडावे अशी विनंती करतो आणि आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!